ऑलिव्हिया डी हॅविलंडचा सात वर्षांचा करार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हॉलिवूडच्या सुवर्णकाळातील नायिकांवर नुकताच प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. ग्रेटा गार्बो, बेटी डेव्हिस, कॅथरिन हेपबर्न यांच्याविषयी लेखकाने मन लावून लिहिले आहे आणि त्या मजकुराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ऑलिव्हिया डी हॅविलंड हिच्या वाट्याला मात्र जेमतेम पाच-सहा ओळी आल्या असून त्यांत ‘गॉन विथ द विंड’मधील सोशिक मेलनी, एरॉल फ्लिनची नायिका आणि सख्खी बहीण जोन फाँटेन हिच्याशी जन्मभराचे वैर एवढ्यावरच तिची बोळवण झाली आहे. त्यातही मेलनीच्या यशानंतर तिला मनाजोगत्या भूमिका मिळत गेल्या, असे जे विधान आहे ते वस्तुस्थितीला धरून नाही. त्या यशानंतर तिची जवळजवळ चार वर्षे भूमिका नाकारण्यात आणि त्याबद्दल शिक्षा भोगण्यात गेली, पुढची दोन वर्षे कोर्टकचेरीत गेली, आणि मनाजोगत्या भूमिका आल्या त्या कोर्टाचा निकाल हाती पडल्यावर. या निकालाचा लेखात उल्लेखही नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

ऑलिव्हियाचा जन्म १ जुलै १९१६ रोजी टोकियोत झाला. वडील वॉल्टर हे तिथे स्थायिक झालेले इंग्रज, पेटंटच्या कामाचे वकील. आई लिलियन हिने लंडनमध्ये नाट्यशिक्षण घेतले होते. (हे आडनाव आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या पस मॉथ विमानाने जुहूला उतरले, ते डी हॅविलंड कंपनीचे होते आणि त्या कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅविलंड हे ऑलिव्हियाचे चुलतभाऊ.) १९१९ मध्ये आई दोन्ही मुलींना घेऊन कॅलिफोर्नियात आली, वडील जपानला परतले आणि सॅन होजेजवळच्या साराटोगा या लहानशा गावात या बहिणी वाढल्या. आईने पुढे दुसरे लग्न केले. सावत्र वडील कडक शिस्तीचे होते. शाळेच्या नाटकात काम करायला त्यांनी मनाई केली तेव्हा ऑलिव्हियाने नाटक सोडले नाही, घर सोडले. वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेला पुढे तिचा जो हट्ट अनपेक्षित वाटला, तो घरच्या माणसांच्या चांगला परिचयाचा होता.

१९३४ मध्ये ख्यातनाम दिग्दर्शक मॅक्स राइनहार्ट हे हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावर शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ बसवत होते. हर्मियाच्या भूमिकेसाठी पर्यायी नटी म्हणून अठरा वर्षांच्या ऑलिव्हियाला घेण्यात आले. मूळ नटी चित्रपटाच्या कामामुळे ऐनवेळी गळली आणि भूमिका हिच्याकडे आली. त्याच नाटकाचा चित्रपट वॉर्नर ब्रदर्सने काढायचे ठरवले तेव्हा राइनहार्ट यांनी हर्मिया हीच हवी असा आग्रह धरला. शिक्षिका होण्याच्या इराद्याने तिने मिळवलेली कॉलेजची शिष्यवृत्ती अशा रीतीने बाजूला राहिली.

एरॉल फ्लिनबरोबर तिने १९३५ च्या ‘कॅप्टन ब्लड’पासून १९४१ पर्यंत एकंदर आठ चित्रपट केले. त्यांतला १९३८ चा रंगीत ‘रॉबिन हूड’ आजही ताजा वाटतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण या आठांपैकी बहुतेकांत तिला काम काय होते? नायकाने तलवार चालवायची, हिने आधी रागवायचे, मग काळजी करायची आणि शेवटी त्याच्याबरोबर निघून जायचे. वॉर्नर ब्रदर्स ही मुख्यतः पुरुषांच्या चित्रपटांची संस्था होती. जेम्स कॅग्नी, एडवर्ड रॉबिन्सन, फ्लिन आणि थोड्या काळाने हम्फ्री बोगार्ट हे तिचे हुकमी एक्के. तिथल्या नायिकांत स्वतःच्या बळावर चित्रपट पेलणारी म्हणून एक बेटी डेव्हिस मानली जाई, आणि चांगल्या पटकथा आधी तिच्याकडे जात.

मेलनीची भूमिकादेखील ऑलिव्हियाला तिच्या संस्थेने दिलेली नाही. ‘गॉन विथ द विंड’ हा निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांचा चित्रपट. त्यासाठी आपली नटी उसनी द्यायला वॉर्नर ब्रदर्सचे प्रमुख जॅक वॉर्नर तयार नव्हते. तेव्हा ऑलिव्हियाने थेट त्यांच्या पत्नीला चहाला बोलावून आपली बाजू मांडली आणि त्या बाईंनी नवऱ्याचे मन वळवले. भूमिका मिळाली, चित्रपट १९३९ च्या अखेरीस झळकला, साहाय्यक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिला नामांकन मिळाले (पुरस्कार त्याच चित्रपटातील हॅटी मॅकडॅनियल हिला मिळाला) आणि त्यानंतर ती परत आपल्या संस्थेत येऊन पूर्वीच्याच साच्यातल्या नायिका करू लागली. मेलनीविषयी आपल्या लेखकाने ‘सोशिक’ हे एकच विशेषण वापरले आहे. खरे तर संपूर्ण चांगले माणूस पडद्यावर कंटाळवाणे होऊ न देता उभे करणे ही अभिनयातली फार अवघड गोष्ट आहे, आणि ऑलिव्हियाने ती बावीस-तेविसाव्या वर्षी साधली. घरात शिरलेल्या सैनिकाला चित्रपटाची नायिका स्कार्लेट गोळी घालते, तेव्हा आजारी मेलनी झेपत नसलेली तलवार ओढत जिन्याच्या टोकाशी येते. प्रेत पाहून तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे समाधान उमटते, ते ज्याने पाहिले असेल तो तिला नुसते सोशिक म्हणणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९३६ मध्ये तिने वॉर्नर ब्रदर्सशी सात वर्षांचा करार केला होता. सात वर्षांचा करार म्हणजे सात वर्षांच्या नोकरीची हमी, असा आपला समज होईल. तसे मुळीच नव्हते. ठरावीक मुदतीनंतर करार पुढे चालू ठेवायचा की नटाला नारळ द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार फक्त संस्थेला असे. नटाला मधेच सोडून जाण्याची मुभा नव्हती. कोणता चित्रपट करायचा, कोणाबरोबर करायचा, दुसऱ्या संस्थेला उसने जायचे की नाही, हे सारे संस्था ठरवी, आणि उसनवारीत जादा पैसे मिळाले तर ते संस्थेच्या तिजोरीत जात. नटाने भूमिका नाकारली तर त्याला बिनपगारी निलंबित करीत. इथपर्यंतही एक वेळ समजून घेता येईल, कारण काम नाही तर दाम नाही हा व्यवहार झाला. पण खरी मेख पुढेच होती : निलंबनाचा हा काळ कराराच्या शेवटी जोडला जाई. म्हणजे पगार तर बुडालाच, वर सुटकेची तारीखही तितकी पुढे ढकलली. जो नट जितकी अधिक स्वाभिमानाने निवड करील, तो तितका अधिक काळ बांधलेला राहील, अशी ही रचना होती.

ऑलिव्हियाने १९३९ नंतर अनेक पटकथा नाकारल्या आणि दर वेळी निलंबन पत्करले. याच काळातील ‘द स्ट्रॉबेरी ब्लाँड’सारखा एखादा वॉर्नरचा चित्रपट तिला न्याय देणारा होता, हे नमूद केले पाहिजे, पण १९४१ मध्ये तिला पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळवून देणारा ‘होल्ड बॅक द डॉन’ हा पॅरामाउंटचा होता, म्हणजे तिथेही ती उसनीच गेली होती. मे १९४३ मध्ये सात वर्षे भरली, तेव्हा तिला सांगण्यात आले की निलंबनाचे पंचवीस आठवडे अजून फेडायचे बाकी आहेत.

मार्टिन गँग या वकिलांनी तिला कॅलिफोर्निया राज्याच्या कामगार कायद्यातले एक कलम दाखवले. कलम २८५५. वैयक्तिक सेवेचा कोणताही करार सुरुवातीपासून सात वर्षांपलीकडे कर्मचाऱ्यावर लादता येणार नाही, असे ते कलम सांगते. ही मर्यादा जुनी होती. १८७२ च्या कायद्यात ती अवघी दोन वर्षांची होती आणि १९३१ मध्ये सात करण्यात आली. म्हणजे कायद्याने नोकरांना दिलेले संरक्षण आधीच मालकांच्या सोयीने सैल झाले होते, आणि मालकांना तेवढेही पुरत नव्हते. वॉर्नरचे म्हणणे असे, की सात वर्षे म्हणजे प्रत्यक्ष कामाची सात वर्षे. ऑलिव्हियाचे म्हणणे, की सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेतली सात वर्षे. ऑगस्ट १९४३ मध्ये तिने दावा दाखल केला.

त्या वेळी हे पाऊल किती धाडसाचे होते, ते समजण्यासाठी आधीचे उदाहरण पाहावे. १९३६ मध्ये बेटी डेव्हिस याच संस्थेशी भांडून इंग्लंडला गेली. तिथे दुसऱ्याचा चित्रपट करायला वॉर्नरने लंडनच्या न्यायालयातून मनाई आणली आणि ती निमूटपणे परत कामावर हजर झाली. जिच्या नावावर तिकिटे खपत होती अशा बेटी डेव्हिसची ही गत झाली असताना, फ्लिनची नायिका म्हणून ओळखली जाणारी सत्तावीस वर्षांची नटी उठते आणि त्याच मालकाला कोर्टात खेचते, हे हॉलिवूडला वेडेपणाचे वाटले असणार. जॅक वॉर्नर यांनी इतर चित्रसंस्थांना पत्रे आणि तारा धाडून हिला कोणी काम देऊ नये असे बजावले, आणि कोणी दिलेही नाही. अशी सुमारे दोन वर्षे गेली. खर्चाचे सुमारे १३ हजार डॉलर तिचे तिलाच भरावे लागले. या काळात ती घरी बसली नाही. महायुद्ध चालू होते, आणि अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांपासून दक्षिण पॅसिफिकपर्यंत लष्करी इस्पितळांतून जखमी सैनिकांना भेटत ती फिरली. फिजीत न्यूमोनियाने तिला गाठले.

खालच्या न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूने लागला, वॉर्नरने अपील केले, आणि ८ डिसेंबर १९४४ रोजी कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तोच निकाल कायम केला. सात वर्षे म्हणजे कॅलेंडरची सात वर्षे, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. त्याहून मोलाचा, आणि लेखांतून बहुधा सुटून जाणारा, भाग असा की हे संरक्षण सार्वजनिक हितासाठी असल्याने कर्मचाऱ्याला करारात सही करूनदेखील ते सोडून देता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. हा भाग नसता तर संस्थांनी दुसऱ्याच दिवशी करारात एक नवे कलम घालून निकाल निष्प्रभ केला असता. फेब्रुवारी १९४५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारास नकार दिला आणि प्रकरण संपले. युद्धावर गेलेल्या नटांची सैन्यातली वर्षे पुढे करारात जोडून वसूल करण्याचा मार्गही त्यामुळे बंद झाला. कायद्याचे हे कलम आज तिच्याच नावाने ओळखले जाते आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांशी भांडणारे गायक-वादक अजूनही त्याचा आधार घेतात. १९८७ मध्ये त्या कंपन्यांनी खटपट करून आपल्यासाठी त्यात एक पळवाटही मिळवली.

आपल्या वाचकांना इथे शांता आपटे यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १९३९ मध्ये, म्हणजे ऑलिव्हियाच्या दाव्याच्या चार वर्षे आधी, कराराच्याच वादातून त्यांनी पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषण केले होते आणि पुढच्या वर्षी या धंद्यातील नटांच्या पिळवणुकीवर पुस्तकही लिहिले. या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण पगारी नटांची चित्रसंस्था जिथे जिथे उभी राहिली, तिथे तिथे हा प्रश्न उठणारच होता. शांताबाईंच्या हाताशी कलम २८५५ नव्हते, हा फरक.

या निकालाने हॉलिवूडची स्टुडिओ पद्धत, म्हणजे नटांपासून चित्रपटगृहांपर्यंत सारे चित्रसंस्थेच्याच मुठीत असण्याची व्यवस्था, कोसळली, असे काही ठिकाणी लिहिले जाते, ती मात्र अतिशयोक्ती आहे. त्या पद्धतीचा कणा मोडला तो १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रसंस्थांना आपली चित्रपटगृहे सोडायला भाग पाडले तेव्हा, आणि राहिलेले काम दूरचित्रवाणीने केले. ऑलिव्हियाचा हेतूही कोणतीही व्यवस्था उलथण्याचा नव्हता. तिला चांगल्या भूमिका करायच्या होत्या. त्या तिने केल्या का, हीच तिच्या लढ्याची खरी कसोटी, आणि म्हणून नंतरच्या चार वर्षांकडे पाहायला हवे.

परतल्यावर मिचेल लायझन यांच्या ‘टू ईच हिज ओन’ या १९४६ च्या चित्रपटात तिने लग्नाविना झालेल्या मुलाला मुकलेली आणि त्याला दुरूनच वाढताना पाहणारी आई रंगवली. कथा रडवी आहे, हे मान्य; पण कोवळ्या मुलीपासून कोरड्या, कर्तबगार मध्यमवयीन बाईपर्यंतचा प्रवास ती आवाजाच्या पट्टीतून आणि चालीतून दाखवते. पहिले ऑस्कर तिला याच भूमिकेसाठी मिळाले. ‘द स्नेक पिट’मध्ये (१९४८) ती मनोरुग्णालयातल्या बाईच्या भूमिकेत आहे. त्यासाठी तिने अशा रुग्णालयांत जाऊन रुग्ण आणि त्यांच्यावरचे उपचार जवळून पाहिले, आणि वजन घटवून, विस्कटलेल्या केसांनी, रंगरंगोटीशिवाय ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. फ्लिनच्या नायिकेला असे दाखवायला जॅक वॉर्नर कधी धजले असते, असे मला वाटत नाही.

या सगळ्यांत श्रेष्ठ ‘द एअरेस’. १९४९. हेन्री जेम्स यांच्या ‘वॉशिंग्टन स्क्वेअर’वर आधारित नाटक तिने न्यूयॉर्कला पाहिले आणि चित्रपटासाठी दिग्दर्शक विल्यम वायलर यांना स्वतः सुचवले. करारातली नटी असे काही सुचवू शकलीच नसती, आणि सुचवले असते तर तो चित्रपट दुसऱ्या कोणाला मिळाला असता. कॅथरिन ही श्रीमंत डॉक्टरची साधीसुधी, बुजरी मुलगी. वडिलांना तिच्यात काही गुण दिसत नाही आणि प्रियकराला तिच्या वारशापलीकडे काही दिसत नाही. पळून जाण्याच्या रात्री तो येत नाही, पहाट होते, आणि ती सामानाची बॅग घेऊन जिना चढून परत खोलीत जाते. हा जिना चढण्याचा प्रसंग वायलर यांनी पुन्हा पुन्हा चित्रित करायला लावला. अखेर चिडून तिने बॅग भिरकावली तेव्हा ती रिकामी असल्याचे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी तिच्यात जड पुस्तके भरायला सांगितली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. पडद्यावर जे दिसते ते ओझे खरे आहे. वर्षांनंतर तोच प्रियकर परत येतो, तेव्हा ती मोलकरणीला दाराला कडी घालायला सांगते आणि दिवा घेऊन तोच जिना चढते, खाली दार वाजत असताना. या वेळी तिच्या चेहऱ्यावर सूड आहे, की सुटका आहे, की दोन्हींच्या मोबदल्यात आलेला कोरडेपणा आहे, हे मला इतक्या वेळा पाहूनही निश्चित सांगता येत नाही. मेलनी करणाऱ्या नटीकडे ही कॅथरिन तेव्हाही असणारच. ती बाहेर यायला दहा वर्षे आणि एक खटला लागला. दुसरे ऑस्कर तिला याच भूमिकेसाठी मिळाले, आणि ते योग्यच होते.

बहिणींच्या भांडणाविषयी अधिक लिहिण्याची इच्छा नाही. १९४२ च्या समारंभात दोघींना एकाच पुरस्काराचे नामांकन होते आणि तो जोनला मिळाला, पुढे ऑलिव्हियाला मिळाला तेव्हा तिने जोनचे अभिनंदन स्वीकारले नाही, हे सारे वारंवार छापून आले आहे. एवढेच सांगतो की हॉलिवूड ऑलिव्हियाचे फार मोठे देणे लागते, अशी कबुली याच जोनने दिलेली आहे. वैराच्या कहाण्या सांगताना ही कबुलीही सांगायला हरकत नसावी.

१९५५ मध्ये फ्रेंच पत्रकाराशी लग्न करून ती पॅरिसला राहायला गेली, चित्रपट हळूहळू कमी झाले, आणि त्यांतले काही विसरण्याजोगेच आहेत. १९६५ मध्ये कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद भूषवणारी ती पहिली स्त्री ठरली. तिचा शेवटचा दावा मात्र इथे नोंदवला पाहिजे, कारण तो तिच्या विरोधात गेला. बेटी डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड यांच्या वैरावरच्या एका दूरचित्रवाणी मालिकेत तिचे पात्र तिच्या परवानगीशिवाय आणि तिच्या मते खोट्या, शिवराळ रूपात दाखवले, म्हणून जून २०१७ मध्ये, वयाची १०१ वर्षे पुरी होण्याच्या आदल्या दिवशी, तिने निर्मात्यांवर दावा ठोकला. खालच्या न्यायालयाने तो चालवू दिला, पण मार्च २०१८ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला, आणि हे १९४४ मध्ये तिला न्याय देणारेच अपील न्यायालय होते. तिच्याविषयी आदर असूनही मला हा दुसरा निकालही बरोबर वाटतो. हयात व्यक्तीच्या संमतीशिवाय तिचे पात्र रंगवताच येणार नाही असे ठरले, तर सत्य घटनांवरचे चित्रपट आणि नाटके काढणेच अशक्य होईल, आणि त्याचा फायदा मुख्यतः सत्ताधाऱ्यांना होईल. जानेवारी २०१९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्ज ऐकण्यास नकार दिला. २६ जुलै २०२० रोजी पॅरिसमध्ये, १०४ व्या वर्षी, तिचे निधन झाले.

लेखमालेच्या पुढील भागात चाळीसच्या दशकाचा विचार होणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात मेलनीनंतरच्या यशाविषयीचे ते विधान दुरुस्त करावे आणि ‘द एअरेस’ला थोडी जागा द्यावी, एवढी विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक, नाशिक